सोळा गाठींची सुतळी

पुण्याहून शिरूर म्हणजे काही काशीयात्रा नव्हे, पण शिक्रापूरला ट्रकांच्या रांगेत आमची एसटी अडकली आणि पाऊण तास मी एका टँकरचं बूड बघत बसले. हडपसरच्या पोस्टात काउंटरवर तीस वर्षं काढली. जवळ होता नव्हता तो धीर तिथेच संपला. शेजारच्या बाई मात्र निवांत होत्या. "रोजचंच हाय हे, मावशी. शिफ्ट सुटली की असंच," म्हणाल्या आणि पिशवीतल्या शेंगा माझ्या ओंजळीत घातल्या. जूनचा पहिला आठवडा, वर कोरडे ढग, आत उकाडा.

रांजणगाव मागे टाकून कारेगावला कमलअक्का चढली. अक्का माझी मोठी बहीण, बासष्ट वर्षांची, जन्मापासून बहिरी. तिचा मुलगा रांजणगावच्या कंपनीत आहे, ती त्याच्याकडे असते. आत येताच तिने मनगटावर बोट आपटून मला उशिराबद्दल झापलं. मी टँकर हातांनी काढून दाखवला, तेव्हा हसली.

शिरूरजवळच्या बहिऱ्या मुलांच्या सरकारी निवासी शाळेने जुन्या विद्यार्थ्यांना बोलावलं होतं. शाळेचा इतिहास लिहायला घेतलाय, फोटो आणा, आठवणी सांगा, असं पत्र होतं. अक्का हरखली होती. माझ्या पोटात मात्र दुसरंच होतं. दौंड तालुक्यात, केडगावच्या अलीकडे आमचं गाव. तिथे आमचे आप्पा, नव्वदीला टेकलेले, हल्ली दोन घासही धड खात नाहीत. मागच्या खेपेला मला म्हणाले, "लते, कमळी एकदा माझ्याकडं बघंल का गं? येक डाव, बास."

याचा अर्थ सांगायला हवा. अक्का माहेरी येते, लग्नकार्यात राबते, पण लहानपणापासून तिने आप्पांच्या तोंडाकडे पाहिलेलं नाही. ते समोर येऊन बोलायला लागले की ही डोळे मिटते. बहिऱ्या माणसाने डोळे मिटले की विषय संपला. पुढच्याने कितीही ओरडावं. का, ते कुणालाच ठाऊक नाही. आप्पा समजत आले की बोर्डिंगात टाकलं म्हणून पोरीचा राग. मी ठरवलं होतं, आधी शाळा दाखवायची, मन जरा मऊ झालं की तशीच गावी न्यायची. लबाडीच होती, पण दुसरा इलाज सुचत नव्हता.

शाळेचं आवार मोठं आहे, लिंबाची झाडं, पत्र्याची लांब वसतिगृहं. मुलं अजून सुट्टीवर होती. आलेली होती ती म्हातारी मुलं, पन्नासेक तरी. आणि काय तो कल्लोळ, आवाज नसलेला! सगळ्यांचे हात एकदम चाललेले. इथे प्रत्येकाला एक खूण-नाव असतं (मुलांनीच मुलाला दिलेलं, हाताने करायचं नाव). अक्काची डावी भुवई लहानपणी फुटली होती, म्हणून तिचं नाव भुवईवरून अंगठ्याची रेघ. एका टकल्या गृहस्थाने लांबूनच ती रेघ ओढली आणि माझी बहीण परकरी पोरीसारखी धावली. इतक्या वर्षांची सख्खी बहीण मी, मला हे नाव त्या दिवशी कळलं. लाज वाटली.

सोनवणे सर तिथले शिक्षक, ऐकणारे, पण हातांनी माझ्या तोंडापेक्षा जास्त बोलणारे. त्यांनी फिरवून सगळं दाखवलं. शाळा सुरू झाली ती बाजारामागच्या एका भाड्याच्या गोदामात. तेव्हाच्या शिक्षकांचा हट्ट एकच, मुलांनी तोंडानेच बोललं पाहिजे. ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची, 'प' म्हटल्यावर ती हलली पाहिजे. गळ्याला हात लावून आवाज शिकायचा. हातांनी बोलताना सापडलं की बोटांवर पट्टी.

"मग ही भाषा टिकली कशी?" मी विचारलं.

"वसतिगृहात, मॅडम. मास्तरांची पाठ फिरली की. मोठ्यांनी धाकट्यांना शिकवली. आता आम्ही वर्गात तीच वापरतो, पण मुलं कमी होत चाललीत. कानाला मशीन बसलं की पालक गावच्याच शाळेत घालतात. चांगलंच आहे म्हणा. तरी वाईट वाटतं."

शेवटच्या खोलीत जुन्या वस्तू मांडल्या होत्या. आरसे, ढोल, शिवणयंत्र. भिंतीवर एक सुतळी टांगलेली, तिला ओळीने गाठी. अक्का तिच्यासमोर गेली आणि जागच्या जागी थिजली. मग तिने डोळे मिटले. हे मिटणं माझ्या ओळखीचं होतं.

"ही आमच्याकडची रीत," सर सांगत होते. "नवीन मुलाला आई-बाप सोडून जातात, पण परत येणार हे त्याला सांगणार कसं? भाषाच नसते. म्हणून बाप मुलासमोर गाठी मारतो. दर रविवारी एक सोडायची. शेवटची सुटली की बाप हजर. हे सुरू केलं मार्थाबाईंनी, पहिल्या मेट्रन. इथे चर्चच्या मागेच राहतात. गाठी मात्र ऑफिसात कॅलेंडर लावून, दोनदा मोजूनच मारतात. का, ते त्यांनाच विचारा."

जेवणात आमटी-भात आणि शेंगदाण्याची चटणी होती. अक्काने ताटात बोटं फिरवली आणि उठली. मी तिला धरून चर्चकडे नेलं.

मार्थाबाई ऐंशीच्या पुढच्या, पांढरी साडी, पण काठीसारख्या ताठ. दारातच त्यांनी अक्काला निरखलं आणि भुवईवर अंगठा ओढला. अक्का त्यांच्या गळ्यात पडली. मी सुतळीचं विचारताच बाई खाटेवर बसल्या.

"पहिली सुतळी हिचीच, बाळ. सात वर्षांची होती. तुझे वडील घाईघाईने घेऊन आले, उद्यापासून धोंडा लागतो म्हणाले, नवं काम करायला नको." (धोंडा म्हणजे दर तीन वर्षांनी येणारा अधिक महिना.) "दिवाळीला नेणार होते. मी म्हटलं, किती रविवार? त्यांनी बोटांवर मोजलं. आषाढ, श्रावण, भाद्रपद, आश्विन. चार महिने, चार चोक सोळा. सोळा गाठी मारल्या. मी ख्रिस्ती, मला रविवार कळतात, तुमचा अधिक महिना कुठला कळायला!"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. धोंड्याच्या भीतीने घाई केली आणि तोच मोजायचा राहिला! आमच्याकडे तो महिना कुणी धरतच नाही. लग्न नाही, मुंज नाही, जणू आलाच नाही.

"सोळावी गाठ सुटली, हिने ट्रंक भरली आणि फाटकात जाऊन बसली," मार्थाबाई म्हणाल्या. "एक रविवार नाही, चार. जेवायला उचलून आणावं लागायचं. आणि खऱ्या दिवाळीला तुझे वडील हसत आले, नवं परकर-पोलकं घेऊन. हिने डोळे मिटले. मग मी मोजलं. त्यांना काय सांगणार? हौसेने आलेला बाप. आणि हिला सांगायचं कशाने? हात वापरायची मला बंदी. सुट्टीतच माझी बदली झाली. काही वर्षांनी परत आले तर ही शाळा सोडून गेलेली." त्यांनी पदराने डोळे टिपले. "चुकलंच माझं."

अक्का आमच्या दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होती. तिला नेहमीच असं बघावं लागतं, आणि आम्ही 'काही नाही' म्हणून हात उडवतो. त्या दिवशी मी नाही उडवला.

पण अधिक महिना हातांनी कसा सांगू? कॅलेंडर दाखवलं, तिने मान हलवली. आणि मग सुचलं. जावयाला धोंड्याच्या महिन्यात धोंडे खाऊ घालतात, पुरण भरून कणकेचे गोळे. अक्का ते दर वेळी करते, आताही धोंडाच चालू होता, गेल्याच आठवड्यात लेकीकडे जाऊन करून आली होती. मी तळहातावर पारी केली, पुरण भरलं, तोंड मिटलं. 'जावई' म्हणून मिशी दाखवली. मग सोळा गाठी. मग 'आप्पा', आणि बोटांवर मोजताना तेवढं एक बोट मी मुडपून टाकलं. पुढे चार रविवार.

तिने माझा हात धरला. मुडपलेलं बोट स्वतः उघडलं. पुन्हा मुडपलं. 'विसरले?' तिने विचारलं. 'विसरले,' मी म्हटलं. मग ती जी रडली, बाई गं! ते रडणं मला लिहिता यायचं नाही.

पुढची गाडी तिनेच पकडली, मला फरफटत. न्हावरा गेलं, भीमेचा पूल गेला, गुऱ्हाळांच्या काकवीचा वास खिडकीतून आला. वाटेत मी तिला बजावलं, आप्पांना हे सांगायचं नाही. नव्वदीचा माणूस, जिवाला लावून घेईल. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी हात खाली घेतले. आयुष्यभर लोकांनी हिला 'नंतर सांगू' म्हटलंय. काय लपवावं हे मी हिला शिकवणार!

आप्पा ओसरीवर खाटेवर होते. अक्काला बघून त्यांनी सवयीने मान खाली घातली. आता ही डोळे मिटणार, तर ते आपल्याला दिसू नये, म्हणून ते स्वतःच बघायचे नाहीत. अक्काने खुंटीवरची सुतळी काढली, त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि गाठी मारायला लागली. सोळा. मग हाताने धोंडा केला, पुरण भरलं, आणि 'नाही' म्हणून हात हलवला.

आप्पा बघत राहिले. ओठ हलत होते, "आषाढ, सरावन..." आणि मग हात कपाळावर गेला.

"आरं द्येवा. धोंडा धरलाच न्हाई म्या." माझ्याकडे वळले. "लते, पोर वाट बघत व्हती? किती दिस?"

"चार रविवार, आप्पा."

"आन् म्या म्हनलं, पोरगी रुसली!"

त्यांनी हात पुढे केला. अक्काने सुतळी दिली. गाठ बसेना. मी मदतीला वाकले तर अक्काने मला मागे सारलं. एक, दोन, तीन. चौथीला फार वेळ लागला. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती, डोळे सताड उघडे. गाठ पक्की झाल्यावर आप्पांनी सुतळी तिच्या ओंजळीत ठेवली आणि ओठ सावकाश हलवत म्हणाले, "चुकलो गं, कमळे." तिने वाचलं.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच पुण्याला परतले. सोनवणे सरांना इतिहासासाठी एक पान लिहून द्यायचंय, तेच हे. शाळेने तिला शिवण शिकवलं, भाषा दिली, हातांवर मारही दिला. बरं आणि वाईट असं मला वेगळं काढता येत नाही. एवढं मात्र कळलं की आमच्या घरात बहिरी ती एकटी नव्हती. घरी पोचते तोच भाच्याचा फोन. आई कधी येणार, बीपीच्या गोळ्या किती दिवसांच्या पाठवू? मी गावच्या शेजारणीच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावला, अक्काला समोर बोलावून विचारलं. तिने दोन्ही हातांनी पारी केली, पुरण भरलं, तोंड मिटलं. धोंडा संपेपर्यंत. लग्न झाल्यापासून त्या घरात ती एका वेळी इतके दिवस कधी राहिली नव्हती.