नरमाईचं तेल

धाकटी ज्या शेडमध्ये कामाला होती, तिथे प्लास्टिकचे एप्रन बनत. मासळी धुणाऱ्यांचे, खाटकांचे, दवाखान्यात फरशा पुसणाऱ्यांचे. एका दाराने पिठासारखी पांढरी भुकटी आत यायची आणि दुसऱ्या दाराने घड्या घातलेले एप्रन बाहेर पडायचे; मधल्या सगळ्या वाटेवर बाया उभ्या. ही भुकटी मोठी हट्टी. नुसती तापवली तर तिचा ताव असा कडक निघे, की वाकवला तर काडकन मोडावा. तिच्यात पिंपातलं तेल घोटलं की मग कुठे ती माणसाच्या अंगासरशी वळायला राजी होई. बाया त्याला नरमाईचं तेल म्हणत. त्याला रंग नव्हता, वास असून नसल्यासारखा, आणि थंडीत बोटांना भेगा पडल्या की जो तो हात त्या पिंपाकडे वळे.

पिंपाच्या तोटीवर थोरलीची सत्ता होती. थोरली म्हणजे घोटायच्या खोलीची मुकादम. रुंद हाडाची, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याने आधी कान झाकावेत आणि मग हसू दाबावं. धाकटी शेडमध्ये आली तेव्हा सगळ्यांत लहान होती, म्हणून धाकटी. पुढे तिच्याहून लहान कितीतरी आल्या, पण नाव काही तिच्या अंगावरून उतरलं नाही. तिची आई ती कळती होण्याआधीच गेलेली, बापाने दुसरं घर थाटलेलं. पहिल्याच आठवड्यात तिने ताव लाटणाऱ्या तापल्या रुळाशी बोट भाजून घेतलं. थोरलीने तो हात पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायला लावला आणि तेवढ्या वेळात मागे उभं राहून तिची वेणी सोडली, विंचरली, घट्ट घातली.

"असे केस मोकळे सोडून यंत्रापाशी आलीस तर टक्कल घेऊन घरी जाशील," ती म्हणाली. "मग नवरा कुठून आणू तुला?"

नवराही पुढे तिनेच आणला. बाजाराच्या तोंडाशी कुलपं दुरुस्त करत बसणारा, कमी बोलणारा, बोललाच तर वाकडं बोलून हसवणारा. लग्नात आईच्या जागी थोरली उभी राहिली. धाकटीला कुणी विचारलं, तुझं माहेर कुठलं, तर ती मान वळवून शेडकडे बघे आणि म्हणे, "ते काय, ते धुराडं दिसतं ना, तिथे."

तिचं पोट दिसायला लागलं तेव्हा कातडी ताणून अशी खाजायची की ती यंत्रापाशी उभी राहून कोपराने पोट घासायची. थोरलीने ते पाहिलं. औषधाची एक रिकामी बाटली धुतली, तोटीखाली धरली, भरून तिच्या हातात दिली.

"दगडाचं लोणी करतं हे तेल. तुझ्या एवढ्याशा पोटाचं काय घेऊन बसलीस? रोज संध्याकाळी चोळत जा."

धाकटी रोज संध्याकाळी भिंतीला टेकून बसे आणि पोटावर गोल गोल हात फिरवी. बाटली संपली की थोरली दुसरी भरून देई. त्याच दिवसांत थोरलीच्या लेकीलाही दिवस गेले होते. तीही शेडमध्येच होती. तिला थोरलीने घोटायच्या खोलीतून काढून पुढच्या दारापाशी, घड्या घालायला बसवलं. "तिचे पाय सुजतात," ती म्हणाली, आणि कुणाला त्यात काही वाटलं नाही.

धाकटीला मुलगा झाला. चांगला गुटगुटीत, वेळेवर रांगणारा, वेळेवर बोलणारा. चालायला लागला तसा बापाबरोबर बाजारात जाऊन बसू लागला आणि तिथल्या मोडक्या कुलपांत रमला. पण कसा रमला? इतर पोरांनी ती कुलपं आपटली असती, गाड्या म्हणून ढकलली असती. हा त्यांना अंघोळ घाली. चिंधीत गुंडाळी. कुठल्या कुलपाची किल्ली हरवली असेल तर त्याला मांडीवर घेऊन समजूत काढी, की तुझी आई कामावर गेली आहे, येईल हं. गिऱ्हाईक आलं की बाप ओठांवर बोट ठेवून सांगे, "जरा हळू बोला साहेब, आत्ताच झोपलंय." गिऱ्हाईक हसे, बाप हसे, आणि पोरगा गंभीरपणे मान डोलावी.

गल्लीतली मुलं चेंडूमागे धावत, एकमेकांना लोळवत. हा पायरीवर बसून मुलींबरोबर घर मांडी. धाकटीला त्याचं कौतुकच होतं. ती कामावरून आली की तिचे पाय दुखतात का असं विचारणारा अख्ख्या गल्लीत तो एकटाच होता. नवऱ्याची बहीण मात्र आली की बघत राही. "वन्सं, चहा घ्या," धाकटी म्हणे. वन्सं चहा घेत आणि म्हणत, "याला जरा बाहेर हाकल. पोरगी झाली असती तर एवढी पोरगी झाली नसती." पोरगा थोरलीला आजी म्हणे. थोरली त्याच्या कुलपांना आपल्या पदराचं टोक पांघरून देई.

एका वर्षी शाळेत तपासणीच्या बाई आल्या. दोन्ही खांद्यांवर पिशव्या, बोलणं सावकाश. गर्भारपणात आया रोजच्या कोणकोणत्या वस्तू हाताळतात आणि पुढे त्यांची मुलं कशी खेळतात, याचा त्या अभ्यास करत होत्या. शाळेच्या ओसरीत एकेका आईला बसवून विचारत. मुलगा काय खेळतो, कुणाबरोबर खेळतो, बाहुली उचलतो की गाडी. धाकटीने कुलपांचं सगळं रंगवून सांगितलं. बाई हसल्या, त्यांना ते फार आवडलं. मग त्यांनी गर्भारपणाचं विचारलं. अत्तर लावायचात? नखांना रंग? जेवण कशात गरम करायचात? अंगाला काही?

"अंगाला नरमाईचं तेल," धाकटी म्हणाली, आणि ते काय असतं ते तिने समजावलं.

बाईंचा लिहिता हात थांबला. त्यांनी तिला पुन्हा सगळं विचारलं, हळू आवाजात. मग म्हणाल्या, "आम्ही ज्याच्याबद्दल विचारत हिंडतो आहोत, ते बहुतेक हेच. प्लास्टिक मऊ करायला घालतात ते. इतर बायकांच्या अंगात ते डब्यांतून, अत्तरांतून, कणाकणाने जातं. तुम्ही तर चोळलंत."

"मग?" धाकटीने विचारलं. "त्यानेच तो असा..."

"नाही. तसं मला म्हणता येणार नाही आणि तुम्हीही म्हणू नका." बाई पुढे सरकून बसल्या. "पुष्कळ मुलं एकत्र पाहिली तेव्हा कुठे कुठे मुलग्यांच्या खेळण्यात थोडा फरक दिसला, कुठे काहीच दिसला नाही. एका मुलाकडे बोट दाखवून सांगणं कुणालाच जमत नाही. कुलपं झोपवणारी मुलं तेल नसतानाही जन्माला येतात. तुमचा मुलगा छान आहे. पण हे पोटाला चोळायचं तेल नव्हे, एवढं मात्र खरं."

धाकटी उठली ती सरळ थोरलीच्या लेकीकडे गेली. तिच्या मनात काळजीच होती. हीसुद्धा तेव्हा पोटुशी होती, हिनेही तेच चोळलं असणार. घाबरून जाण्याआधी हिला नीट सांगावं. लेकीने आता शिलाईचं दुकान टाकलं होतं. तोंडात टाचण्या धरून ती एका झग्याची कड दुमडत होती. धाकटीचं सगळं ऐकून तिने टाचण्या तळहातावर काढल्या.

"मी कुठलं चोळतेय? आईने तर मला त्या खोलीच्या दारातसुद्धा उभं राहू दिलं नाही. घरी आली की आधी लुगडं बदलायची, कोपरापर्यंत साबण लावायची, मग माझ्याजवळ यायची. तो तेल आणून देणारा माणूस सांगून गेला होता ना, पोटुश्या बायांना जपा म्हणून."

"कधी?"

"मला दिवस गेले तेव्हाच की." मग लेकीने तिच्या तोंडाकडे बघितलं. "तुला नव्हतं सांगितलं?"

थोरली घरी अंगणात धान्य निवडत बसली होती. धाकटी समोर उभी राहिली आणि तिने एवढंच विचारलं, "ताई, तुला माहीत होतं?"

थोरलीने सूप खाली ठेवलं. नाही म्हणाली असती तर धाकटीने मानलं असतं. तिला तेच हवं होतं. पण तोंडावर विचारल्यावर खोटं बोलायची थोरलीला सवय नव्हती.

"तो माणूस काहीबाही बोलायचा. मालक म्हणाले, बायांच्या कानावर घालू नकोस, खोली रिकामी होईल. मलाही खरं वाटलं नव्हतं."

"खरं वाटलं नव्हतं, तर लेकीला दारापाशी का बसवलंस?"

"उगाच विषाची परीक्षा कशाला."

"आणि मला बाटली भरून दिलीस."

"तू खाजवत होतीस गं. मला बघवेना. आणि लगेच बंद केलं असतं तर तू विचारलं असतंस, ताई का बंद केलं, मग सगळ्यांनी विचारलं असतं." थोरलीने पदराने तोंड पुसलं. "ती माझी लेक आहे, धाकटे."

अंगणात कोंबड्या सांडलेले दाणे टिपत होत्या. धाकटीला वाटलं, आपण बराच वेळ कुणा दुसऱ्याच्या घरात आपलं समजून बसलो होतो आणि आता घरचे लोक जेवायला बसले आहेत.

थोरली म्हणाली, "आणि असं बिघडलंय काय? सोन्यासारखं पोर आहे. त्याच्यासारखं मायाळू पोर दाखव मला गल्लीत."

"त्याला मध्ये आणू नकोस," धाकटी म्हणाली.

वाटेने परत येताना तिला कळलं की थोरलीने तिला कुठे अडकवून ठेवलं आहे. रागवायचं तर म्हणावं लागणार, बघ माझ्या मुलाचं काय केलंस. आणि तसं म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती, कारण मुलाचं काही झालेलंच नव्हतं. तो होता तसा तिला हवा होता. आणि गप्प बसायचं, तर थोरली सुटली.

घरी वन्सं आल्या होत्या. पोरगा कोपऱ्यात कुलपं ओळीने निजवत होता.

"मी म्हणते, गर्भारपणी तू असं केलंस तरी काय?" वन्सं म्हणाल्या. "काहीतरी केलंच असशील. आमच्या घरात असं पोर नव्हतं कुणाचं."

उत्तर धाकटीच्या ओठांवर आलं होतं. एक वाक्य बोलली असती तर इतक्या वर्षांचं सगळं बोलणं तिच्या डोक्यावरून उतरून थोरलीच्या डोक्यावर गेलं असतं. पोरगा मान वर करून ऐकत होता. ते वाक्य एकदा या घरात पडलं असतं, तर तो जन्मभर तेलाने झालेला मुलगा ठरला असता. त्याची अंघोळ घालणं, समजूत काढणं, पाय दुखतात का विचारणं, सगळ्याला एक बाटली कारण ठरली असती.

"काही नाही केलं, वन्सं," ती म्हणाली. "असाच आहे तो."

"बापावर गेलाय," नवरा दारातून म्हणाला. "मीपण कुलपांशीच बोलतो. बायकोशी बोलायची हिंमत कुठे आहे?"

रात्रभर कूस बदलून सकाळी ती शेडमध्ये गेली. रूळ तापायचे होते, बाया डोक्याला रुमाल बांधत होत्या. ती पिंपापाशी जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. हे तेल अंगाला लावायचं नाही. पोटुश्या बायांनी या खोलीत यायचंसुद्धा नाही. तेल आणणारा माणूस हे मागेच सांगून गेला आहे, आणि आपल्याला ते सांगितलं गेलं नाही. मी चोळलं, म्हणून सांगते.

कडा चिकटवणारी एक बाई होती, जिभेला हाड नसलेली. ती म्हणाली, "म्हणून तुझं पोर कुलपांना दूध पाजतं होय?"

दोघीचौघी हसल्या.

"माझं पोर ठणठणीत आहे," धाकटी म्हणाली. "झालं ते माझ्याशी झालं. मला माहीत असतं तर मी लावलं नसतं. ज्याला माहीत होतं त्याने मला लावू दिलं. तेवढं पुरे नाही का रागवायला? त्यासाठी पोर बिघडायलाच हवं?"

आता कुणी हसलं नाही. "माहीत कुणाला होतं?" मागून कुणीतरी विचारलं. धाकटी डोक्याला रुमाल बांधू लागली. यंत्र सुरू झालं आणि ज्या त्या आपापल्या जागेवर गेल्या. पण त्या दिवशी तेलाकडे एकही हात वळला नाही, आणि कडा चिकटवणारीने आपल्या पोटुश्या सुनेला न विचारता पुढच्या दारापाशी नेऊन बसवलं.

दुपारी थोरली तिच्याजवळ आली. डोळे ओले होते. "माझं नाव घेतलं नाहीस. पोटची असतीस तर आणखी काय केलं असतंस?"

"तुझं नाव घेतलं असतं तर माझ्या पोराचंही घ्यावं लागलं असतं," धाकटी म्हणाली. "म्हणून घेतलं नाही. तुझ्यासाठी नाही, ताई."

थोरलीने तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला. धाकटी वाकली आणि जमिनीवरून ताव उचलू लागली. तो हात तसाच थोडा वेळ अधांतरी राहिला, मग खाली गेला.

संध्याकाळी भोंगा वाजला. धाकटीचं मन इतकं भरून आलं होतं की हे सगळं कुणापाशी तरी ओकून टाकावं असं तिला झालं. घाईघाईने तिने चपला पायात सरकवल्या आणि सवयीने पाय चालू लागले. नाक्याच्या वळणावर ती थांबली. आयुष्यात कुणी दगा दिला की ती जिच्याकडे धावत जाई, तिच्याच अंगणाकडे ती निघाली होती. रस्त्याने माणसं जात-येत होती. धाकटी एका बाजूला होऊन उभी राहिली, आणि कुठे जायचं ते तिला बराच वेळ सुचेना.