कडुनिंबाच्या सावलीची कड

वानखडे मॅडमच्या पोरीचा अमरावतीहून फोन आला तेव्हा मी अंगणात कुरडया वाळत घालत होते. "मावशी, आई गेली." एवढंच बोलली... मी हातातली कुरडई खाटेवर नीट ठेवली, मग खाली बसले. त्याला आता दीड महिना झाला.

बार्शीटाकळीजवळच्या आमच्या शाळेत मी खिचडी शिजवते आणि मॅडम विज्ञान शिकवायच्या. चित्रकलेला मास्तर नव्हते, म्हणून तो तासही त्यांच्याकडेच. त्यांनी दोन्ही तास एकत्र केले आणि पोरांना अंगणातल्या कडुनिंबाखाली आणून बसवलं. शाळा उघडली, की पहिल्या कडक उन्हाच्या दिवशी, सूर्य डोक्यावर आला, की सावलीच्या कडेकडेनं रांगोळी टाकायची. हात माझा, कारण पोरांची रेघ तुटायची. मग पावलं मोजून पोरं ती कड मोठ्या कागदावर उतरवायची, दर साली वेगळ्या रंगात. "एवढी जागा झाडानं उन्हातून सोडवली," मॅडम सांगायच्या. एकदा मी सवयीनं रांगोळीतलं पान काढलं, दोन्ही बाजू सारख्या. म्हणाल्या, "गोदाबाई, हे तं तुमच्या दारातलं पान झालं. झाडाले इचारा ना!" पाहिलं तर खरंच, देठापाशी एक बाजू तोकडी. जन्मभर त्या झाडाच्या काडीनं दात घासले, पान कधी पाहिलंच नव्हतं.

मग रस्ता रुंद व्हायचं निघालं आणि झाडावर लाल फुली पडली. मॅडम तो कागद गुंडाळून अकोल्याला रस्त्याच्या ऑफिसात गेल्या, सोबत मी. साहेबांनी चांगलं निरखून पाहिलं. "लय मेहनत केली पोरायनं," म्हणाले. मग शेवटच्या रेघेवर बोट ठेवलं. "पण मॅडम, हे तं शाळेच्या भिंतीबाहेर आलं. तुमीच दाखवून राहिल्या, झाड रस्त्यावर येऊन राहिलं म्हणून." कागदाचा फोटो काढून फाइलीला लावला. दिवाळीच्या सुट्टीत झाड गेलं.

"कागद माह्याच हातानं देल्ला नं वं मी त्यायले," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "त्यायचं आधीच ठरलं होतं, मॅडम." तर म्हणतात, "मंग मी कायले गेली?" त्यानंतर त्यांनी पोरांना बाहेर नेलं नाही. पुस्तकातलं झाड फळ्यावर काढायच्या, दोन्ही बाजू सारख्या.

निवृत्त होऊन त्या पोरीकडे गेल्या. हिवाळ्यात भेटायला गेले, तर पहिलं हेच, "पोरं कुठं बसतात वं जेवायले?" मी खोटं बोलले. म्हटलं, नवं झाड लावलं, डोक्याएवढं झालं. त्यांनी विचारलं, "पान कसं हाये?" "एक बाजू तोकडी," मी म्हटलं. हसल्या. लावलेलं रोप तर त्याआधीच्या मार्चातच वाळलं होतं, आता नुसती जाळी उभी आहे.

यंदा शाळा उघडली. कडक ऊन पडलं तसा मी फळीवरचा रांगोळीचा डबा काढला आणि अंगणात जाऊन उभी राहिले. एका पोरीनं विचारलं, "आजी, काय काढून राहिली?"

"सावली."

तिनं इकडेतिकडे पाहिलं. "कोनाची?"

चिमूट परत डब्यात टाकली. पोरं ताटल्या घेऊन भिंतीला चिकटून एका रांगेत बसली होती, वीतभर सावलीत, पाय पोटाशी ओढून.