डाव्या भुवईवरची खूण

आमच्या खाडीकाठच्या गावात आखाताला निघालेला माणूस असाच घराबाहेर पडत नाही. त्याला उंबरठ्याशी थांबवतात. घरातली बाई दोन्ही हातांनी कुराण उंच धरते आणि तो त्याखालून वाकून बाहेर पडतो. माझी अम्मा त्या वर्षी अंथरुणाला खिळलेली होती, म्हणून शेजारच्या हलिमा चाचीनं आधी तिच्या इक्बालला बाहेर काढलं आणि मग मला हाक मारली. माझ्या वेळेस तिचे हात दुखायला लागले असावेत, कारण कुराण माझ्या डोक्याला हलकंच टेकलं. डब्यात सांदणं होती, दोघांत मिळून एकच डबा. "एका ताटात जेवलात, एकमेकांना सांभाळा," एवढंच ती म्हणाली. एस.टी. वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती अंगणात उभी होती. मी वळून पाहिलं, इक्बालनं नाही. तो रडत होता आणि मला दिसू नये म्हणून खिडकीत तोंड खुपसून बसला होता.

गावातल्या तुम्हां सगळ्यांना आणि माझ्यासारखेच इकडे येऊन स्थिरावलेल्यांना हे लिहितोय. इतकी वर्षं गावच्या ग्रुपवर मी ईदचे फोटो टाकले, क्रीकवरचा सूर्यास्त टाकला, नव्या गाडीपाशी उभं राहून दात काढले. त्या फोटोंत जे नव्हतं ते आज सांगतो.

इक्बाल सुतार होता, त्याचा हात सोन्यासारखा. मी बारावी शिकलेला, इंग्रजी बरं. दोघं एकाच कंपनीत लागलो, दुबईतल्या अल क्वोजच्या कामगार कॅम्पमध्ये एकाच खोलीत, वरखालच्या बंकवर. तो शटरिंगला, म्हणजे स्लॅबचे साचे ठोकायला गेला, मी हजेरी मांडणारा टाइमकीपर झालो. तीन वर्षांत माझ्या इंग्रजीनं मला उन्हातून उचलून एसीत नेऊन बसवलं. कॅम्प ऑफिस, फिरती खुर्ची आणि मागे लोखंडी कपाट. त्या कपाटात सगळ्या कामगारांचे पासपोर्ट असत आणि किल्ली माझ्या खिशात. असं ठेवून घेणं कायद्याला धरून नव्हतं, हे मला ठाऊक होतं. "सेफ्टीसाठी ठेवतो रे," असं मी सगळ्यांना सांगायचो. पहिल्यांदा सांगताना जीभ अडखळली होती. पुढे सवय झाली.

आता थोडं अमेरिकेबद्दल. हसू नका.

माझी झोया इथल्या अमेरिकन शाळेत आठवीत आहे. घरात आम्ही मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते. मागच्या हिवाळ्यात तिला अमेरिकेच्या सुरुवातीच्या काळावर प्रोजेक्ट होता. तंबाखूची शेती, जहाजं, व्हर्जिनिया. जेवणाच्या टेबलावर कागद पसरून ती मला शिकवू लागली. इंग्लंडातली गरीब माणसं कागदावर सही करायची, जहाजाच्या भाड्याच्या बदल्यात इतकी वर्षं मालकाकडे राबायचं, मग मोकळं व्हायचं. मी म्हटलं, "म्हणजे आपला व्हिसाच की!" ती हसली नाही. ती म्हणाली, "वेट, अब्बा," आणि दुसरा कागद काढला.

तो जुन्या वर्तमानपत्रातल्या नोटिशींचा कागद होता. पळून गेलेल्या माणसांच्या नोटिशी. माणसाचं नाव, अंदाजे वय, अंगावर कोणत्या रंगाचा कोट होता, कोणत्या पायानं लंगडतो, कुठे व्रण आहे, रागावला की कसा बोलतो. दिसला तर कळवा, आसरा दिलात तर जबाबदारी तुमची. काही नोटिशी सही करून आलेल्या गोऱ्या नोकरांच्या होत्या, तर काही आफ्रिकेतून बांधून आणलेल्या गुलामांच्या.

मी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"सगळ्यांची गत सारखीच म्हणायची," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. "नो अब्बा, दे आर नॉट द सेम," झोया ताडकन म्हणाली. एकाच्या कागदाला शेवट होता. दुसऱ्याला कागदच नव्हता, त्याची मुलंसुद्धा मालकाची. तो फरक पुढे कायद्यात गेला, कायद्यातून शाळांत, वस्त्यांत, पोलिसांच्या नजरेत, आणि आजही त्या देशातून तो पुरता निघालेला नाही, असं तिच्या टीचरनं शिकवलं होतं. तिनं आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या डोक्यातून जात नाही. त्या गुलामांचे आजचे वंशज आपल्या पूर्वजांचा शोध घेतात तेव्हा कित्येकदा त्यांच्या हाती या नोटिशीच लागतात. फोटो नाही, पत्र नाही. धरायला निघालेल्या माणसानं केलेलं वर्णन, तेवढंच.

कागदावर शेवटचा प्रश्न होता, असं काही आज उरलं आहे का, घरातल्या मोठ्या माणसाला विचारा. झोयानं पेन सरसावून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नाही. ते तिकडचं, जुनं. खलास." तिनं तसंच लिहिलं, माय फादर सेज इट इज ओव्हर. आठवड्यानं कागद तपासून आला. त्या ओळीपुढे टीचरनं लाल पेनानं लिहिलं होतं, त्यांना पुन्हा विचार. झोयानं पुन्हा विचारलं. मी ऑफिसच्या फोनचं कारण सांगून बाल्कनीत गेलो. फोनवर कुणीही नव्हतं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात इक्बाल होता.

तेरा-चौदा वर्षांपूर्वी त्याच्या अब्बांची तब्येत खालावली. तो माझ्या ऑफिसात आला, खुर्ची असून बसला नाही. म्हणाला, "सुट्टी दे, पासपोर्ट दे, बघून येतो." टॉवरचे स्लॅब चालू होते, सुतार कमी होते, आणि एकालाही सोडायचं नाही असं मॅनेजरनं बजावलं होतं. मी हट्ट धरला असता तर बहुधा मिळाली असती सुट्टी. पण मॅनेजरच्या पुस्तकात माझं नाव तेव्हा नुकतंच चांगल्या पानावर गेलं होतं. मी म्हटलं, "स्लॅब झाला की जा, इन्शाल्ला." अल्लाचं नाव मी तिथे वापरलं. दहा दिवसांनी त्याचे अब्बा गेले. माती द्यायला इक्बाल नव्हता. तो कपाटाच्या या बाजूला होता आणि त्याचा पासपोर्ट त्या बाजूला, मध्ये माझा खिसा.

चौथ्या दिवशी तो कॅम्पमधून निघून गेला. पुढे कळलं की दुबईपलीकडच्या रास अल खैमात कुठेतरी दरवाजे-खिडक्या बनवत होता.

कुणी पळालं की तेव्हा पेपरात नोटीस द्यायची पद्धत होती. फोटो, नाव, याचा आता आमच्याशी संबंध नाही, कामावर ठेवाल तर तुमच्या जोखमीवर. मसुदा मी लिहायचो. त्या दिवशी मला रागही आला होता, कारण माझ्या गावचा माणूस पळाला म्हणून मॅनेजरनं मला सगळ्यांसमोर टोचलं होतं. मी एक ओळ जास्तीची घातली. ओळख पटण्यासाठी, डाव्या भुवईवर जखमेची खूण. मॅनेजर खूश झाला. "व्हेरी गुड. यल्ला, भेज दो!"

ती खूण मीच केलेली आहे. नऊ वर्षांचा होतो. चिंचा पाडायला दगड मारला तो इक्बालच्या भुवईवर बसला. रक्ताची धार लागली. हलिमा चाचीनं हळद दाबली, आणि माझा बाप हातात फोक घेऊन आला तेव्हा त्याला म्हणाली, "पडला तो." माझ्यासाठी ती खोटं बोलली. मी मात्र खरं तेच लिहिलं, फोटोखाली छापून आणलं.

इक्बाल सापडला नाही. दोन वर्षांनी बेकायदा राहिलेल्यांना आम माफी जाहीर झाली, तेव्हा पासपोर्टाऐवजी आउटपास घेऊन तो गावी गेला. आता तो होड्या दुरुस्त करतो. मी सुट्टीत गेलो की त्यांच्या अंगणातून सलाम ठोकून सटकायचो. तो हात उंचावायचा. इतकंच.

या मे महिन्यात झोया सोबत होती, त्यामुळे सटकता आलं नाही. चाचीनं तिचा हात धरला आणि सरळ आत नेलं. भिंतीवर काबाच्या चित्राशेजारी एक फ्रेम होती. त्यात पेपरचं पिवळं पडलेलं कात्रण. माझी नोटीस.

"दुबईच्या पेपरात आला होता माझा पोरगा," चाची सांगत होती. रास अल खैमाच्या टाइल्स कारखान्यात काम करणाऱ्या गावच्याच एकानं फोटो ओळखून कात्रण आणून दिलं होतं. "सगळ्यांना विचारलं काय लिवलाय, सगळे म्हणतात चांगला लिवलाय. तू वाच गो. तुझी इंग्लिश एकदम फाडफाड."

झोया फ्रेमजवळ गेली. मी तिच्या ओठांकडे पाहत राहिलो. शेवटच्या ओळीवर ते थांबले. मग तिनं दारात उभ्या असलेल्या इक्बालच्या भुवईकडे पाहिलं. मग पुन्हा कात्रणाकडे, जिथे खाली कंपनीचं नाव होतं. तेच नाव माझ्या गळ्यातल्या कार्डावर ती लहानपणापासून बघत आली आहे. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

"दादी, हे… चांगलं आहे," ती मोडक्या मराठीत म्हणाली. "इक्बाल चाचा चांगला काम करतो, असं आहे."

माझ्या लेकीला माझ्या पापासाठी खोटं बोलावं लागलं. मी म्हणालो, "चाची, ते मी लिहिलंय."

"तू लिवलास?" चाचीचा चेहरा उजळला. पुढचं बोलायला मी तोंड उघडलं, तोवर तिनं माझं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळाचा मुका घेतला होता. "अल्ला तुला खूश ठेवो रे. मी म्हटलाच होता, एकमेकांना सांभाळा." आणि मी, दोन कॅम्प सांभाळणाऱ्या माणसानं, तो दुवा खाली मान घालून घेतला. याची शरम मला नोटिशीपेक्षाही जास्त वाटते.

इक्बाल फाटकापर्यंत सोडायला आला. मी विचारलं, "तिला खरं का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? दगड कुणी मारला ते तिनं तुझ्या बाला सांगितलं होतं का?" तो म्हणाला. मग म्हणाला, "ऱ्हाऊ दे. तिला बरं वाटतं." आणि रंधा मारायला परत गेला. मी माफी मागायला हवी होती. मी त्याला बॉडी स्प्रे दिला, आखातातून आणलेला.

विमानात झोया खिडकीकडे बघतच म्हणाली, "इट्स नॉट ओव्हर, अब्बा. यू रीड इट टू हर." मी म्हटलं, इन्शाल्ला. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी तो शब्द मागे घेतला आणि म्हटलं, "वाचतो."

पासपोर्टचं कपाट मी गेल्या महिन्यात रिकामं केलं. ज्याचा त्याच्या हातात दिला, सह्या घेतल्या. नव्या मॅनेजरनं हरकत घेतली नाही. इतकं सोपं होतं ते, आणि इतकी वर्षं सोपं होतं.

घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी शारजाचा फ्लॅट की गावचा बंगला असा घोळ घालत बसायचो. आता मला विचाराल तर ज्या घरातून मला कुराणाखालून बाहेर काढलं तेच माझं घर, आणि तिथल्या भिंतीवर मी लिहिलेली नोटीस लटकते आहे. ती तिथे असेपर्यंत मी गावी आलो तरी आलेला नाही.

बकरी ईदला येतोय. एक विनंती आहे. तोवर हे चाचीला कुणी वाचून दाखवू नका. इक्बाल, तूसुद्धा नको. फ्रेम मीच उतरवीन आणि तिच्यासमोर बसून मीच वाचीन, आपल्या बोलीत, डाव्या भुवईच्या ओळीसकट.