ते अश्रू नव्हते, पू होता

पोस्टिंग डोंगरातल्या रस्त्यावर. सकाळी रस्ता तपासायचा, मग लष्करी गाड्यांचा कॉन्व्हॉय सोडायचा. गाडी नाईक विनोद राठोड चालवायचा. तो महागावकडचा, मी आर्णीचा, दोघंही यवतमाळ जिल्ह्यातले. "आर्णीवाल्या, झोपू नोको बे," हे त्याचं रोजचं गुड मॉर्निंग.

त्या सकाळी वरून दरड आली. विनोदने गाडी डोंगराच्या अंगाला दाबली, म्हणून आम्ही दरीत गेलो नाही. दगड त्याच्या बाजूने आत शिरला. माझं तोंड डॅशबोर्डवर आपटलं. मी वायरलेस सेट उचलला.

"कंट्रोल, दोन कॅज्युअल्टी. ओव्हर."

"हालत सांगा. ओव्हर."

"मी बोलतोय. राठोड बोलत नाही. ओव्हर."

माझ्या डाव्या डोळ्याची खोबण फुटली होती. आर्मी हॉस्पिटलने आत टायटॅनियमची जाळी बसवली. नजर वाचली. मेडिकल बोर्डाने घरी पाठवलं आणि डोळा वाहू लागला. दिवसभर. आर्णीच्या डॉक्टरने बोटही न लावता ड्रॉप्स लिहिले. "मनाला लावून घेऊ नका, जवान." अहो, मन कोणी विचारलं होतं? मी डोळा दाखवायला आलो होतो!

विनोदच्या गावात श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला. मला त्याच्या फोटोशेजारी उभं केलं. मी रुमाल काढला, तर आयोजक ओरडले, "पुसू नका! फोटोत येऊ द्या!"

विनोदची आई, त्याची याडी, उठून आली. तिने माझी हनुवटी धरली.

"एकच डोया काहून वाहून राह्यला रे?"

"नाकाजवळ ठणकते, याडी."

मी पुसलं. रुमालावर पिवळा पू. ती आयोजकांकडे वळली.

"मह्या लेकासाठी रडाले दोन डोये लागते. फोटो कायचे काढता? याले दवाखान्यात न्या!"

यवतमाळला डोळ्यांच्या डॉक्टरांनी अश्रूंच्या नळीत मिठाचं पाणी सोडलं. ते घशात उतरायला हवं. डोळ्यातूनच परत आलं. स्कॅनमध्ये दिसलं, सरकलेल्या जाळीची कड नळी दाबत होती. पुन्हा ऑपरेशन. जाळी बदलली, अश्रूंना नाकात नवी वाट करून दिली.

चेहऱ्याला मार लागलेला जवान असो की मोटारसायकलवरून पडलेलं पोरगं, डोळा वाहत राहिला तर नळी तपासायला लावा. अडून बसा. हारतुरे मग.

यंदा पुन्हा विनोदच्या फोटोपुढे उभा राहिलो. "झोपू नोको बे" कानात आलं. दोन्ही डोळे भरले. एकाने मोबाईल वर केला. मी त्याचा हात धरून खाली केला.