पापणीखालचे डोळे

रोह्याच्या एका हॉलमध्ये एका परदेशी रॉक गायकाची मूर्ती उभी आहे. तिचं तोंड महिषासुराचं आहे, हे त्याच्या भक्तांना अजून कोणी सांगितलेलं नाही. ती मूर्ती आमच्या पेणजवळच्या जोहे गावातल्या कारखान्याने केली, म्हणून मला ठाऊक.

मी गोंदियाकडची. नववीत शाळा सुटली. मावसबहीण इकडे हमरापुरात दिलेली, तिच्यामागे आले आणि गणपतीच्या कारखान्यात मूर्त्या घासायला लागले. मालकांना सगळे दादा म्हणतात. त्यांनी मला ठेवून घेतलं, जेवायला आपल्यात बसवलं, म्हणून मी दर वाक्याला "हो जी" म्हणायची. वहिनी, म्हणजे दादांची बायको, वैतागायच्या. "जी जी काय करतंस गो? कोर्टात उभी हायस का?"

पण भीती जात नव्हती. पॉलिश पेपर घेऊन घासणारे हात इथे गावोगाव मिळतात. काम कमी झालं की पहिले तेच हात घरी जातात. ज्याला आखणी येते, त्याला मात्र कोणी घालवत नाही. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. आमच्याकडे ती फक्त दादा करायचे. मी फुटक्या फरशीवर, रंगाच्या डब्यांच्या झाकणांवर डोळे काढून बघायची. दादा ती झाकणं उचलून नुसती डब्यांवर लावायचे.

दिवाळीनंतर कारखाना थंड असताना डोलवीच्या कंपनीतले एक साहेब आले.

"माणसाची मूर्ती करता का?"

"कोण हाय? पुढारी?" दादांनी विचारलं.

"गायक. परदेशातले. वारले ते. आम्ही काही मित्र दरवर्षी त्यांच्या आठवणीत रोह्याला कार्यक्रम करतो."

"भजनी?"

साहेबांनी जरा विचार केला. "तसंच समजा."

मग त्यांनी फोनवर व्हिडिओ लावला. हजारो माणसं आरडाओरडा करतायत आणि स्टेजवर एक हडकुळा माणूस काहीच करत नाही. नुसता उभा. माईकच्या समोरसुद्धा नाही, जरा बाजूला, बस चुकलेल्या माणसासारखा. मग त्याने एक हात वर केला आणि ती एवढी गर्दी गप्प झाली. आमच्या ग्रामसभेला हे कधी जमलेलं नाही.

मग तो गायला. आवाज म्हणजे आमचा जाड पॉलिश पेपर, कोरड्या प्लास्टरवर चालवावा तसा. अंगावर काटा आला. गाणं सरत आलं तसा तोच आवाज बारीक होत गेला, ओल्या पेपरने शेवटचा हात फिरवल्यासारखा.

"ह्याला कोणी पाणी द्या रे," वहिनी म्हणाल्या.

साहेबांनी अर्थ सांगितला. गायक लहानपणी शाळा आणि गाव सोडून निघाला होता. गाण्यात घर सोडल्याचं दुःख वगैरे काही नाही. आई दारात उभी नाही, वाट वळत नाही. फक्त एवढंच, की नव्या गावात तो रोज कोणालातरी वेळ विचारतो, कारण तेवढंच बोलायला त्याच्याकडे निमित्त असतं. साहेबांचं म्हणणं, एवढ्या साध्या शब्दांत लिहिणं सगळ्यांत अवघड. मी पहिल्या वर्षी पेणच्या स्टँडवर गाड्यांची चौकशी करत बसायची, जायचं कुठेच नसताना. मी मान खाली घातली आणि घासायला घेतलेला उंदीर घासत राहिले.

मूर्ती सुरू झाली. अंगाला साचा नव्हता, ते दादांनी हाताने केलं. हाडं दाखवायची सवय नसल्यामुळे पोट थोडं सुटलंच; साहेबांनी दोनदा येऊन ते तासून घेतलं. माईकचा दांडा देवीच्या त्रिशुळाच्या मापाने धरवला. आता गाणाऱ्या माणसाचं तोंड उघडं पाहिजे, दात दिसले पाहिजेत. आमच्याकडे तसं तोंड एकाचंच होतं: नवरात्रात देवीच्या पायाशी जो मरतो, त्याचं. साचा लावून बघितला. सुळे तासले. साहेब आले, बघतच राहिले. "ही वेदना! ही कशी काय पकडलीत तुम्ही?"

दादा म्हणाले, "सवय हाय."

आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्याचे डोळे तू काढ. माणूस हाय. बिघडला तरी कोपणार नाय."

त्या रात्री डोळे बघायला म्हणून मी साहेबांनी पाठवलेले सगळे व्हिडिओ पाहिले. हा बाबा गाताना डोळे मिटतो. प्रत्येक गाण्यात. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. इतक्या वर्षांनी आखणी हातात आली, आणि गिऱ्हाइकाला डोळेच नाहीत.

साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, "मिटलेलेच पाहिजेत. तीच तर त्यांची ओळख."

दादांना सांगितलं, तर दादा म्हणाले, "ह्या कारखान्यातून बुबुळं काढल्याबिगर मूर्ती जात नाय. माझ्या बापानं सोडली नाय, मी नाय सोडणार. साहेबांना काय पाहिजे ते तू बघ."

दोघांना मी "हो जी" म्हटलं. आता दोघांचं ऐकणं भाग होतं.

मग मी आधी उघडे डोळे काढले. गाणं संपल्यावर तो क्षणभर डोळे उघडून समोर बघतो, तसे. एवढी गर्दी आपल्यासाठीच आली आहे की आपल्याला इथून उठवायला, हे न कळल्यासारखे. ती नजर काढायला मला व्हिडिओची फार गरज पडली नाही.

दादांना हाक मारली. त्यांनी वाकून दोन्ही डोळे बघितले. मग म्हणाले, "झाक आता."

मी बुबुळांवर प्लास्टरचा पातळ हात दिला, पापण्या केल्या, कातडीचा रंग लावला. माझ्या पहिल्या आखणीवर माझ्याच हाताने पडदा पडला. वहिनी म्हणाल्या, "पोरीचे डोळे बघू तरी द्यायचे होते आम्हाला. मेल्याला लगेच झोप आली!"

टेम्पोने मूर्ती रोह्याला निघाली. मी मागे तिच्याजवळ बसले. हायवेचा प्रत्येक खड्डा आला की मी हात तिच्या डोळ्यांखाली धरायची. पापणी निसटली तर हा रोह्यात उतरताना टक्क बघत उतरणार, साहेब मूर्ती परत पाठवणार, आणि मूर्तीच्या पाठोपाठ मी गोंदियाला. खांब गावात चहाला थांबलो तेव्हा पाहिलं, डाव्या पापणीवर केसाएवढी भेग. दादांना दाखवली. त्यांनी चहा संपवला. "हात नको लावू," एवढंच म्हणाले.

हॉलमध्ये साहेबांनी मूर्तीवरचा कपडा काढला. ते जवळ गेले, डाव्या डोळ्यापाशी थांबले. मी दादांच्या मागे सरकले.

"पापणी थरथरतेय," ते हळूच म्हणाले. "बघा रे, आता डोळे उघडेल असं वाटतंय!"

टाळ्या झाल्या. हार घातला. एका उत्साही माणसाने नारळही फोडला. मग गाणं लागलं आणि सगळ्या भक्तांनी डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांची मूर्ती आणि मिटल्या डोळ्यांचे लोक. बघणारे फक्त आम्ही दोघं, दादा आणि मी. दादा भाषणं होईस्तोवर थांबले. साहेबांनी मूर्तिकाराचं कौतुक केलं: मिटलेल्या डोळ्यांतच मूर्तीचा प्राण आहे म्हणाले. दादांनी हात जोडले.

येताना मी पुढे बसले. नागोठणं गेल्यावर दादा म्हणाले, "ह्या सीझनला लहान मूर्तींची आखणी तुझ्याकडे."

"हो जी," म्हटलं. मग राहवलं नाही. "पण बिघडली तर, दादा?"

दादा रस्त्याकडे बघत होते.

"प्लास्टर हाय ना," ते म्हणाले.