पिशवीत उरलेलं खाद्य

शेजारच्या सुमनवहिनींच्या शेततळ्यात रोहू आहेत. पाण्यात रोवलेल्या बांबूला त्या रोज भोकं पाडलेली खाद्याची पिशवी बांधतात आणि मासे त्या भोकांना तोंड लावून खातात. परवा संध्याकाळी त्यांनी पिशवी वर ओढली, तर ती निम्मी भरलेलीच होती. वहिनींचा चेहरा उतरला.

"पोटं बिघडलीत बघा यांची."

मला हसूच आलं. माशाचं कसलं आलंय पोट बिघडणं! पण वहिनींनी पेरूचा पाला उकळला आणि गार झालेला काढा पेंड-कोंड्यात कालवला. मत्स्यखात्यातल्या एका बाईंनी त्यांना सांगितलं होतं, की पाल्यात फ्लेवोनॉइड नावाची द्रव्यं असतात. ती आतड्याची सूज उतरवतात, आतलं अस्तर सांभाळतात, मग खाल्लेलं अंगी लागतं.

"लेकरांना देतो तेच की," वहिनी म्हणाल्या. "फक्त ही रडत नाहीत. म्हणून पिशवी बघायची."

आज पिशवी रिकामी वर आली. वहिनी लहान मुलीसारख्या हसल्या. मी मात्र त्या ओल्या, रिकाम्या पिशवीकडे बघत राहिले.

आमची आईही कधी रडली नाही. तिच्या पोटातलं दुखणं कळलं, तेव्हा फार उशीर झाला होता. "यांचं जेवण कधीपासून कमी झालं?" डॉक्टरांनी विचारलं होतं. आम्हा चौघा भावंडांपैकी कुणीच तिचं ताट कधी पाहिलं नव्हतं.

आई सगळ्यांच्या मागून, एकटी जेवायची.