एक थेंब गळत नाही

बिल्डिंगमधले लोक त्यांना पाठीमागे ‘तज्ज्ञ’ म्हणत. नोकरीभर विम्याच्या फायली इकडून तिकडे सरकवलेल्या, पण मेकॅनिक तेवढे सगळे लुटारू, हे मत पक्कं.

एका संध्याकाळी बाजारातून आल्यावर गाडीखाली पाण्याचं डबकं दिसलं. तज्ज्ञांनी उभ्याउभ्या निदान केलं, "रेडिएटर गेला."

"अहो, एसी लावला की पडतंच पाणी," बायको म्हणाली. "माझ्या भावाच्या गाडीचंही पडतं."

"तुझ्या भावाला गाडीतलं काय कळतं?"

रविवारी नवा रेडिएटर आला. बंपर निघाला, पंखा निघाला. पाईप सुटेना म्हणून भाजीची सुरी कामी आली. हिरवं कूलंट काढायला दुधाचं पातेलं नेलं, त्याला स्वयंपाकघर कायमचं मुकलं. जुन्या रेडिएटरला कुठेच भोक सापडेना. "बारीक असणार," तज्ज्ञ म्हणाले आणि नवा बसवून टाकला.

संध्याकाळी बायकोला शेजारी बसवून, एसी लावून, ते ऐटीत एक फेरी मारून आले. गाडी लावली. थोड्या वेळानं पाहतात तर त्याच जागी तेवढंच डबकं.

बायको डबक्याला वळसा घालून जिन्याकडे गेली, हेच त्यांना जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवसापासून गाडीतला एसी बंद झाला. "एसीनं सांधे धरतात," त्यांनी जाहीर केलं.

आता ते भेटेल त्याला सांगतात, "रेडिएटर स्वतःच्या हातानं बदलला. तेव्हापासून गाडीतून एक थेंब गळत नाही."

खरंच गळत नाही. गळतो तो घाम, शेजारच्या सीटवर, बायकोच्या हनुवटीवरून.